पाच नंबरची जागा

मेधाला शिकारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जपानात कोतोमधल्या ज्या छोट्या कंपनीत ती काम करत होती, तिथं ते कळावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. तिचं काम डेटा स्वच्छ करण्याचं. लोक ॲपमध्ये वाट्टेल ते भरतात. एकच नोंद दोनदा करतात, जन्मसाल चुकवतात, नावाच्या रकान्यात 'आआआ' लिहून बघतात. हा कचरा वेचायचा आणि उरलेल्याचा नीटनेटका तक्ता करून द्यायचा. इचिकावातल्या घरी जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, बाटल्या असा कचरा निवडून ठरल्या वारी ठरल्या कोपऱ्यावर ठेवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ऑफिसातही ही तेच करते आणि वर पगार घेते, असं तिचा नवरा सत्यजित चेष्टेनं म्हणायचा.

या खेपेला काम आलं होतं कुरेसावा गावाचं. चिबा प्रांताच्या दक्षिणेला, डोंगराच्या घडीत बसलेलं म्हाताऱ्यांचं गाव. तिथं माणसं कमी होत चालली होती आणि रानडुकरं वाढत चालली होती. एका रात्रीत भाताचं अख्खं खाचर लोळवून जात, रताळी उकरत, बांबूचे कोंब खात. म्हणून ग्रामकचेरीनं दोन वर्षांपूर्वी आपलं जंगल हिवाळ्यात बाहेरच्या शिकाऱ्यांनाही खुलं केलं आणि नोंदणीसाठी ॲप करून घेतलं. नकाशावर डोंगरांचे चौकोन पाडले. एका वेळी एका चौकोनात एकच शिकारी, म्हणजे कुणाची गोळी कुणाला लागायला नको. उत्तरेचा डोंगर तेवढा रविवारी गावच्याच शिकाऱ्यांसाठी राखून ठेवला होता; मात्र शनिवारी मध्यरात्रीपर्यंत त्यांनी न भरलेला चौकोन बाहेरच्या कुणालाही घेता येई.

"शिकारीचं ॲप?" पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या होत्या. "अगं, जपानात दुसरं काही मिळालं नाही का तुला?"

"आई, मी फक्त तक्ते करते. बंदूक नाही हातात घेत."

"तेच म्हणते मी. निदान घेतली असतीस तर बघायला मजा आली असती."

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मेधाचा अहवाल गेला. त्यातल्या एका तक्त्याचा तिला जरा अभिमानच होता, इतका तो स्वच्छ निघाला होता. या मोसमात बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांच्या नोंदी दोनशे चौदा. गावच्या शिकाऱ्यांच्या, उत्तरेच्या डोंगरावर, नऊ रविवारांत मिळून शून्य.

त्या शून्यानं गावात जे व्हायचं ते झालं. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा ठरायचा होता आणि ग्रामसभेतले काहीजण आधीपासूनच म्हणत होते की डोंगर राखून ठेवून उपयोग काय, लॉटरी काढा आणि सगळ्यांना द्या. आता त्यांच्या हातात आयता पुरावा आला. शुक्रवारी सभा होती. फक्त अहवालात एक रकाना रिकामा होता, 'स्थानिकांनी न वापरण्याचं कारण', तो भरून हवा होता. गावचे शिकारी फोन उचलत नाहीत, तेव्हा कुणीतरी येऊन विचारून जा, असं कचेरीतल्या हिरानो-साननी कळवलं. मेधाचे साहेब कुरोदा-सान यांनी ऑफिसभर नजर फिरवली आणि ज्याअर्थी तक्ता मेधाचा त्याअर्थी रकानाही मेधाचा, असा सोपा न्याय लावला.

रविवारी पहाटेच्या पहिल्या गाडीनं ती निघाली. दोनदा गाडी बदलून शेवटी एका डब्याच्या रेल्वेनं त्या इवल्याशा स्टेशनावर उतरली तेव्हा साडेसात वाजत होते आणि खाचरांमध्ये दंव पांढरं पडलेलं होतं. हिरानो-सान गाडी घेऊन आला होता. पस्तिशीचा, सतत माफी मागितल्यासारखा बोलणारा माणूस.

"बंदुकांचे आवाज ऐकू येतात आम्हाला रविवारी," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "म्हणजे ते जातात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण आवाज काही कागदावर येत नाहीत. सभेला आकडा लागतो."

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची एक शेड होती. आत शेकोटीच्या डब्याभोवती नारिंगी जाकिटं घातलेले सहा म्हातारे उभे होते. त्यांचा म्होरक्या इशिगे-सान, चौऱ्याहत्तर वर्षांचा, बुटका, मान खांद्यात रुतलेली. त्याच्या पायाशी दोन तपकिरी कुत्रे. आणि कोपऱ्यात चहा ओतत असलेली एक बाई, सेहेचाळीस-सत्तेचाळीसची. तिच्याही अंगात नारिंगी जाकीट होतं. हिरानो-साननी ओळख करून दिली, "या साकुमा फुमिए-सान. शाळेच्या स्वयंपाकघरात असतात."

भिंतीवर एक फळी ठोकलेली होती. तिच्यावर सात खिळे, आणि खिळ्यांना नावं लिहिलेल्या सात लाकडी पट्ट्या. बघता बघता म्हाताऱ्यांनी एकेक करून आपापली पट्टी उलटली. आधी लाल रंगवलेली बाजू वर होती, आता साध्या लाकडावर काळं नाव दिसू लागलं.

"काळं म्हणजे माणूस डोंगरावर," हिरानो-सान हळूच म्हणाला. "परत आला की लाल. सगळ्या पट्ट्या लाल झाल्याशिवाय इथून कुणी घरी जात नाही."

राहिलेली पाचव्या खिळ्यावरची पट्टी इशिगे-साननी स्वतः उलटली. ती कुणाची ते मेधाला कळलं नाही, कारण माणसं तर सहाच होती. तिनं वही काढली आणि आपला रकाना पुढे केला. "तुम्ही लोक ॲप वापरत नाही, त्याचं कारण मला लिहून घ्यायचं आहे."

इशिगे-साननी भुवया वर केल्या. "वापरतो की."

"पण नोंदी नाहीत."

"आहेत. फुमिए करते. आमच्यापैकी कुणाला तो फोन वाचताही येत नाही. ए फुमिए, दाखव त्यांना."

फुमिए-साननी हात पुसून फोन पुढे केला. दर शनिवारी रात्री आठला, भांडी आवरली की ती एका दमात सातही चौकोन भरायची. सगळे चौकोन एकदमच हातात हवेत, कारण या लोकांची शिकार हाक्याची. एकानं कुत्रे घेऊन खालून हाकत यायचं आणि बाकीच्यांनी डुकरांच्या वाटांवर मोक्याच्या जागा धरून बसायचं. एक जागा जरी परक्याकडे गेली तर शिकार तर होत नाहीच, वर कुणाच्या तरी अंगावर गोळी जायची भीती. एक फोन, सात नावं, सगळं एका मिनिटात. नऊ रविवार सात म्हणजे त्रेसष्ट नोंदी.

मेधानं त्या नोंदींवरची वेळ वाचली. त्या त्रेसष्ट नोंदी तिनं पाहिल्या होत्या. एकाच फोनवरून, एकाच मिनिटात, लागोपाठ सात. ॲप बनवणारे लोक ॲप चालतंय का ते बघायला अशाच नोंदी करतात, हे तिला सात-आठ प्रकल्पांच्या अनुभवानं ठाऊक होतं. तरी शंका नको म्हणून तिनं त्यातली जन्मसालं पाहिली होती आणि एक नाव निघालं होतं तोकुझो, वय वर्षं त्र्याण्णव. त्र्याण्णव वर्षांचा माणूस बंदूक घेऊन डोंगर चढतोय म्हटल्यावर ती चक्क हसली होती. मग सातही नावं 'चाचणीच्या नोंदी' म्हणून एका झटक्यात पुसून टाकली होती. शून्य गावचं नव्हतं, तिचं होतं.

हे तिथल्या तिथे बोलायचं धैर्य तिला झालं नाही. ती म्हणाली, "मी जरा बघून सांगते," आणि तोवर माणसं डोंगराकडे निघालीही.

फुमिए-सान वर गेली नाही. तिचं काम खालच्या रस्त्यावर होतं. छोटा ट्रक आडवा लावायचा, वॉकीटॉकी ऐकायची आणि कुणी फिरायला आलं तर त्याला परत पाठवायचं. मेधा तिच्या शेजारी ट्रकमध्ये बसली. पायाशी हीटर आणि काचेवर वाफ. वॉकीटॉकीत अधूनमधून कुणीतरी खाकरायचं.

"ती पाचव्या खिळ्यावरची पट्टी कुणाची?" मेधानं विचारलं.

"तोकुझो-सानची. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन. इशिगे-साननाही शिकार त्यांनीच शिकवली. पाच नंबरच्या जागेवर ते चाळीस वर्षं उभे राहिले. दोन ओढे मिळतात तिथं, डुक्कर सुटायला बघतं ते नेमकं तिथूनच. त्यांच्यानंतर ती जागा कुणी घेतली नाही. घ्यावीशीच वाटत नाही म्हणतात. पण परकं कुणी तिथं उभं राहायला नको, म्हणून मी त्यांचंच नाव घालते." तिनं हीटर जरा कमी केला. "मेलेल्या माणसाचं नाव घालणं बरोबर नाही, हे मला कळतं."

"तुमचा परवाना आहे ना?"

"दोन वर्षं झाली. पहिल्या फटक्यात पास झाले परीक्षा." हे सांगताना तिचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पूर्ववत झाला. "पण एकटीनं जाऊन डोंगर कळत नाही. कुठल्या वाऱ्याला डुक्कर कुठून उतरतं, हे त्यांच्याबरोबर उभं राहिल्याशिवाय कसं कळणार? मला सुट्टी रविवारचीच. हे रविवार गेले, की मी शिकणार तरी कधी आणि कुणाकडून? सगळ्यात तरुण ताकेओ-सान, ते एकाहत्तर वर्षांचे आहेत."

"मग तुम्ही वर का जात नाही?"

"रस्त्यावर कुणीतरी लागतंच ना," फुमिए-सान म्हणाली. मग काचेवरची वाफ पुसत म्हणाली, "मी निइगाताची. लग्न होऊन इथं आले त्याला बावीस वर्षं झाली. अजून मला निइगाताची सूनच म्हणतात. वाईट वागवत नाहीत हं, अजिबात नाही. पहिलं रताळं माझ्या दारात आणून टाकतात."

तेवढ्यात वर कुत्रे भुंकायला लागले. वॉकीटॉकीत एकदम तीन आवाज आले. तीन नंबरकडे वळलं, मोठं आहे, चारला दिसलं, चारवरून एक बार झाला. मेधानं दचकून दार घट्ट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती बंदुकीचा खराखुरा आवाज ऐकत होती आणि तो तिला मुळीच आवडला नाही. मग शांतता. मग इशिगे-सानचा दमलेला आवाज: "पाचमधून गेलं."

"तोकुझो-साननी सोडलं," दुसरा कुणीतरी म्हणाला आणि वॉकीटॉकीत सगळे हसले.

फुमिए-सान हसली नाही. "दर रविवारी हेच म्हणतात," ती म्हणाली. "तीन वर्षं."

बारा वाजता सगळे शेडमध्ये परतले. पट्ट्या एकेक लाल झाल्या आणि शेवटी तोकुझो-सानचीही झाली. इशिगे-सानच्या बायकोनं डुकराच्या मटणाचा रस्सा पाठवला होता. मेधानं हात जोडून नको म्हटलं तेव्हा म्हाताऱ्यांना वाटलं, हिला तिखट लागेल. ती जन्माची शाकाहारी आहे हे कळल्यावर त्यांची हसून हसून पुरेवाट झाली. शिकारीच्या कामाला हिलाच पाठवायची होती का, असं ताकेओ-सान हिरानोला विचारायला लागला. तिच्या पुढ्यात भाजलेलं रताळं आणि मुळ्याचं लोणचं आलं.  ती उठून उभी राहिली, कमरेत वाकली आणि जे होतं ते सांगून टाकलं.

 इशिगे-सान म्हणाले, "म्हणजे आम्ही तुमच्या यंत्रात होतो, आणि तुम्ही आम्हाला पुसलं."

"हो."

"खोटी माणसं समजून."

"हो."

"परत लिहिता येतं?"

"येतं. सगळ्या त्रेसष्ट नोंदी जशाच्या तशा परत येतील. पण त्यांत तोकुझो-सानच्याही नऊ येतील."

आता त्यांच्या लक्षात आलं. सरकारी कागदावर मेलेल्या माणसाच्या नावानं जागा अडवलेली. सभेत जे डोंगर मागत होते त्यांना याहून चांगलं कोलीत मिळालं नसतं.

"मग त्या नऊ तेवढ्या काढा," इशिगे-सान म्हणाले. "चोपन्न ठेवा."

तशी ती मागणी साधी होती. मेधाला एक मिनिट लागलं असतं आणि कुणाला पत्ता लागला नसता. पण एकदा आपल्याला वाटलं म्हणून माणसं पुसली, आता दुसऱ्याला सोयीचं म्हणून एक पुसायचा, हे तिला करवेना. "मला नाही करता येणार ते," ती म्हणाली. "मी सगळं परत आणीन आणि चूक माझी होती हे सभेत स्वतः सांगेन. पण निवडून नाही पुसणार."

इशिगे-साननी वाडगा खाली ठेवला, कुत्र्यांना शीळ घातली आणि ते तिच्याकडे न बघता बाहेर निघून गेले. रताळं तसंच राहिलं. निघताना फुमिए-साननी ते कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत टाकलं.

परतीच्या गाडीत मेधानं लॅपटॉप उघडला आणि जुन्या प्रतीतून त्या नोंदी बाहेर काढल्या. इशिगे, ताकेओ, आणखी चार नावं, तोकुझो. पुन्हा तीच सात. नऊ वेळा. तिनं दोनदा खालीवर करून पाहिलं. फुमिए-सानचं नाव कुठेच नव्हतं. दर शनिवारी सगळ्यांची नावं भरणारी बाई स्वतः त्या यादीत नव्हती.

हे तिला इतकं ओळखीचं वाटलं की तिनं लॅपटॉप मिटून ठेवला. नऊ वर्षांपूर्वी सत्यजितबरोबर ती या देशात आली, तेव्हा पहिली चार वर्षं वॉर्ड ऑफिसचे, शाळेचे, घरमालकाचे सगळे फॉर्म तीच भरायची. शब्दकोश उघडून, एकेक चित्रासारखं अक्षर गिरवत. प्रत्येक फॉर्मवर नाव सत्यजितचं, खाली लेक अनघाचं, आणि हिच्या निवासाच्या कार्डावर 'कुटुंबीय'. तिचा कुणी छळ केला नव्हता. सत्यजित तर कौतुकच करायचा. पण आपण इथं आहोत याला पुरावा काय, असा प्रश्न तिला कधीमधी भर दुपारी पडायचा आणि तो सांगायला कुणी नसायचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी गळ्यात स्वतःच्या नावाचं कार्ड पडलं, तेव्हा ती स्टेशनच्या स्वच्छतागृहात जाऊन पाच मिनिटं रडली होती.

तिनं फुमिए-सानना मेसेज केला: 'यादीत तुमचं नाव का नाही?'

 उत्तर आलं: 'सात चौकोन होते. सात नावं झाली.'

मेधानं लिहिलं, 'त्यातलं एक नाव जिवंत माणसाचं नाही.' मग जास्त बोललो की काय असं वाटून तिनं फोन पालथा ठेवला. 

सोमवारी कुरोदा-साननी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "'सुधारित आवृत्ती' एवढंच लिहू," ते म्हणाले. "का सुधारली ते कुणी विचारत नाही."

"विचारणार नाहीत, आणि जुनाच तक्ता खरा धरतील," मेधा म्हणाली. "जुन्या तक्त्यावर गाव निर्णय घ्यायला बसलंय, कुरोदा-सान."

त्यांनी सुस्कारा सोडला. "मग तुम्हीच जा. माझ्याच्यानं एवढं वाकवत नाही आता."

शुक्रवारी दुपारी ग्रामकचेरीच्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं जमली होती. पुढे लांब टेबलाशी ग्रामसभेचे सात सदस्य, मागच्या बाजूला घडीच्या खुर्च्यांवर गावकरी. इशिगे-सान कोट-टाय घालून आले होते आणि त्या कोटात फार अवघडलेले दिसत होते. मेधानं माईक हातात घेतला. तिची जपानी घाबरली की पुस्तकी व्हायची, तशी ती झाली. पण तिनं सगळं सांगितलं. काय पुसलं, का पुसलं, आणि खरा आकडा काय. नऊ रविवार, त्रेसष्ट नोंदी, एकही रविवार न चुकता. तिनं वाकून माफी मागितली आणि कुणी बस म्हणेपर्यंत ती तशीच वाकून राहिली.

एका सदस्यानं कागद जवळ धरला. "हे तोकुझो-सान. म्हणजे आपले तोकुझो-सान?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. कुणीतरी खुदकन हसलं. इशिगे-सान उठले.

"ते नाव मी घालायला सांगितलं. फुमिएचा त्यात दोष नाही. पाच नंबरवर माणूस नाही, आणि परका तिथं उभा राहिला तर आमच्या गोळीच्या रेषेत येतो. म्हणून."  मग ते हळू आवाजात म्हणाले, "आणि मला त्या खिळ्यावरून त्यांची पट्टी काढवत नव्हती."

आता कुणी हसलं नाही. त्या सदस्यानं कागद खाली ठेवला. तो दुष्ट माणूस नव्हता, त्याच्याही दोन खाचरांचं डुकरांनी वाटोळं केलं होतं.

"इशिगे-सान, डोंगर तुम्ही वापरता हे मान्य," तो म्हणाला. "पण आराखडा पाच वर्षांचा आहे. तुमच्यात सगळ्यात लहान एकाहत्तरचा. पाच वर्षांनी या डोंगरावर कोण असेल? राखून ठेवायचा तो कुणासाठी?"

 चौकोन अडवायला इशिगे-सानकडे नाव होतं. या प्रश्नाला द्यायला नव्हतं. मेधा खुर्चीच्या कडेवर बसली होती. उत्तर तिला माहीत होतं, पण ते तिनं द्यायचं नव्हतं. तिनं एवढंच केलं की मान वळवून मागच्या रांगेत पाहिलं. तिथं शाळेतून तशीच आलेली फुमिए-सान बसली होती, पांढरी टोपी मांडीवर घेऊन.

फुमिए-सान उभी राहिली. ती सदस्यांशी बोललीच नाही. ती इशिगे-सानच्या पाठीशी बोलली.

"इशिगे-सान, माझ्याकडे परवाना आहे. दोन वर्षं मी रस्त्यावर उभी आहे. तिथून मला डोंगर दिसत नाही. मला पाच नंबरची जागा हवी आहे."

बावीस वर्षांत या बाईनं गावात कुणाकडे काही मागितलं असेल असं वाटत नव्हतं, आणि आता मागितलं ते चाळीस माणसांसमोर. इशिगे-सान वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, रागानं की कशानं ते मेधाला ओळखता येईना. 

"तिथं वारा पाठीवर येतो," ते म्हणाले. "खडकाच्या डावीकडे उभं राहायचं, उजवीकडे नाही. परवा सहाला ये. सव्वासहाला नाही."

"हो," फुमिए-सान म्हणाली आणि खाली बसली.

"आणि रस्त्यावर?" ताकेओ-साननी विचारलं.

"रस्त्यावर कचेरीचा माणूस उभा राहील," इशिगे-सान म्हणाले. हिरानो-साननं सवयीप्रमाणे माफी मागितल्यासारखी मान हलवली आणि मग आपण कशाला हो म्हटलं ते त्याच्या लक्षात आलं.

पाच वर्षं काही मिळाली नाहीत. सभेनं दोन दिली. दोन हिवाळे रविवार गावचे राहतील, नोंदी जिवंत माणसांच्या असतील, आणि दोन वर्षांनी पुन्हा बघू. दोन हिवाळ्यांत डोंगर शिकून होतो का, हे मेधानं जाताना इशिगे-सानना विचारलं. "मला बारा लागले," ते म्हणाले. "पण माझा गुरू फार कमी बोलायचा. मी जास्त बोलेन." मग त्यांनी विचारलं, "ते रताळं खाल्लं का?"

शनिवारी रात्री आठला मेधा भांडी विसळत होती. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि अनघा त्याच्यापुढून हलायला तयार नव्हती. तिला मराठीत काही विचारलं की जपानीत उत्तर यायचं. आठ वाजून तीन मिनिटांनी तिनं हाक मारली. यंत्र काहीतरी विचारतंय, ती जपानीत म्हणाली.

मेधा ओले हात पुसत आली. एकाच फोनवरून, एकाच मिनिटात, सात नोंदी. पुसण्याआधी माणसाला विचारायची सोय तिनं गुरुवारीच घातली होती आणि पडद्यावर प्रश्न उभा होता: चाचणीच्या नोंदी दिसतात, काढून टाकायच्या का? तिनं यादी वाचली. एक ते चार, मग सहा आणि सात, ओळखीची नावं. पाचव्या चौकोनात: साकुमा फुमिए, वय सेहेचाळीस.

"या खऱ्या आहेत," ती अनघाला म्हणाली आणि 'ठेवा' दाबलं.

रविवारी दुपारी ती पोहे परतत असताना फोन वाजला. फुमिए-साननी फोटो पाठवला होता. शेडमधली फळी होती ती. सात खिळ्यांच्या खाली आठवा खिळा नव्यानं ठोकलेला. पाचव्या खिळ्यावर नवी कोरी पट्टी, लाल रंग अजून ओला दिसत होता. तोकुझो-सानची पट्टी खाली आठव्या खिळ्यावर होती, तीही लाल. ती पट्टी आता कुणी उलटणार नव्हतं.

शिकार मिळाली की नाही, कुणाला काय लागलं, याबद्दल काही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मेधालाही ते नको होतं. फोटोखाली एकच ओळ होती.

'आज पाचमधून काही गेलं नाही.'